पानावर उघडणाऱ्या पेट्या: टूलटिप, पॉपओव्हर, मेनू आणि डायलॉग बांधण्याचा नीट क्रम

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या एखाद्या पतसंस्थेची, कृषी पत्तीन (पतपुरवठा) सोसायटीची किंवा दुकानाची वेबसाइट बांधताना एक गोष्ट हमखास लागते: रकान्याशेजारचं प्रश्नचिन्ह दाबलं की तिथंच उघडणारी छोटी पेटी. तीच थोड्या फरकाने तीन ठिपक्यांचा मेनू होते, तारखेची दिनदर्शिका होते, ‘अर्ज रद्द करायचा का?’ असं विचारणारी चौकट होते. काम किरकोळ वाटतं. प्रत्यक्षात पेटी अर्धी स्क्रीनबाहेर जाते, शेजारच्या तक्त्याखाली दबते, बोटाने उघडत नाही, उघडली तर मिटत नाही. आणि दर वेळी दुरुस्ती म्हणून झेड-इंडेक्सच्या (एकावर एक आलेल्या गोष्टींत वर कोण ते ठरवणाऱ्या) आकड्याला आणखी एक नऊ जोडला जातो.

चूक बहुतेक वेळा क्रमात असते. आधी सीएसएसने जागा ठरवायची, मग जमेल तसा मजकूर भरायचा, आणि कीबोर्ड व स्क्रीन रीडरचं (न दिसणाऱ्याला स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामचं) शेवटी बघायचं, असं काम चालतं. ते नेमकं उलट व्हायला हवं. खाली सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: मराठी आणि कन्नड अशा दोन भाषांतला पीककर्जाचा ऑनलाइन अर्ज, आणि तो साध्या अँड्रॉइड फोनवर भरणारा शेतकरी.

## तयारी

कोडला हात लावण्याआधी एवढं जवळ हवं:

- साइटवर जिथे जिथे काही उघडतं त्या सगळ्या जागांची यादी. कागदावर लिहा. एकाच साइटवर तीन वेगवेगळ्या लायब्ररींच्या पेट्या सापडणं नवीन नाही.
- प्रत्येक पेटीतला पूर्ण मजकूर, दोन्ही भाषांत. नमुन्याचा लॅटिन मजकूर चालणार नाही. का ते तिसऱ्या टप्प्यात येईल.
- ३६० सीएसएस पिक्सेल रुंदीचा एक खरा अँड्रॉइड फोन. शक्य असेल तर एक आयफोनही, कारण सफारीचे काही प्रश्न क्रोमच्या मोबाइल नकलेत दिसत नाहीत.
- विंडोजवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर, आणि अँड्रॉइड फोनवर त्याच कामाचा टॉकबॅक.

## १. पेटी खरंच लागते का, ते ठरवा

जो मजकूर वाचल्याशिवाय रकाना बरोबर भरता येत नाही, तो पेटीत लपवू नका. तो रकान्याखाली कायम दिसू द्या. ‘मोबाइल नंबर आधारला जोडलेला असावा’ ही अट प्रश्नचिन्हामागे ठेवली, तर अर्ज नाकारला गेल्यावरच ती कळेल. पेटीत काय जावं? ज्याला अडलं त्यालाच हवी असलेली माहिती: हा नंबर कागदावर कुठे छापलेला असतो, हा शब्द म्हणजे काय, ही रक्कम कशी आली.

चुकीचा संदेशही पेटीत टाकू नका. ‘आयएफएससी चुकला आहे’ हे रकान्याखाली लाल अक्षरांत, चिन्हासह, तिथंच राहिलं पाहिजे. पेटी मिटली की संदेश गेला, आणि माणूस पुन्हा तेच टाइप करतो.

या एका टप्प्यात यादीतल्या बऱ्याच पेट्या गळतात. हा टप्पा वगळू नका.

## २. प्रकार ठरवा

पुढचं सगळं याच निर्णयावर उभं आहे. चार प्रकार आहेत आणि प्रत्येकाचं वागणं वेगळं.

टूलटिप. फक्त मजकूर, एखाद-दुसरी ओळ. आत लिंक नाही, बटण नाही. माउस नेल्यावर किंवा फोकस आल्यावर (कीबोर्ड त्या क्षणी जिथे काम करतो ती जागा म्हणजे फोकस) दिसते. फोनवर माउस नसतो, म्हणून अर्ज भरणाऱ्याला लागणारी मदत टूलटिपमध्ये ठेवायची नाही. संगणकावरच्या टूलबारमध्ये चिन्हाचं नाव सांगण्यापुरती ती ठीक आहे.

पॉपओव्हर. बटण दाबून उघडते, आत काहीही असू शकतं: परिच्छेद, चित्र, लिंक. मागचं पान चालू राहतं, बाहेर दाबलं की मिटते. आपल्या प्रश्नचिन्हाला हीच हवी.

मेनू. कृतींची यादी: ‘पाहा, बदला, पावती छापा’. एरियाची (ARIA, म्हणजे कुठली गोष्ट काय आहे ते स्क्रीन रीडरला सांगणाऱ्या ऍट्रिब्यूटांची) ‘मेनू’ भूमिका दिली की वर-खाली बाण, होम, एंड आणि पहिलं अक्षर दाबून उडी, हे सगळं तुम्हालाच लिहावं लागतं. स्क्रीन रीडर वापरणारा तीच अपेक्षा ठेवतो. साइटच्या मुख्य दुव्यांच्या यादीला ही भूमिका देऊ नका. तिथे बटण आणि साधी लिंकांची यादी पुरते.

मोडल डायलॉग. उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नसेल तेव्हाच. भरलेला अर्ज पुसणं, रक्कम पाठवणं. मदतीसाठी मोडल उघडणं म्हणजे माणसाचा रकाना त्याच्या नजरेआड करणं; हिस्सा नंबर कुठे शोधायचा ते वाचताना त्याला तो रकाना समोर दिसायला हवा.

> सावध: एचटीएमएलचं ‘टायटल’ ऍट्रिब्यूट टूलटिप म्हणून वापरू नका. टच स्क्रीनवर ते दिसत नाही, कीबोर्डने सहसा उघडत नाही, आणि त्याचा आकार-रंग तुमच्या हातात नसतो.

शंका असेल तर पॉपओव्हर निवडा. चुकलं तरी सर्वांत कमी नुकसान त्यात आहे.

## ३. मजकूर आधी, मोजमाप त्यानंतर

पेटीची रुंदी, उंची, ओळींतलं अंतर हे सगळं मजकुरावरून निघतं. इंग्रजी नमुन्यावर २०० पिक्सेल रुंदीची सुबक पेटी बांधायची आणि नंतर तिच्यात मराठी ओतायचं, म्हणजे मोडतोड ठरलेली.

आपल्या अर्जातले दोन रकाने घेऊ.

पहिला, आयएफएससी. पेटीतला मजकूर असा: ‘हा कोड ११ अक्षरांचा असतो. पहिली ४ अक्षरं बँकेची, पाचव्या जागी नेहमी शून्य (इंग्रजी ओ नव्हे), शेवटची ६ शाखेची. पासबुकात खातेक्रमांकाजवळ पाहा.’ नेमकी चूक जिथे होते तिथेच बोट ठेवलं आहे. आयएफएससी म्हणजे काय याची व्याख्या शेतकऱ्याला नको आहे.

दुसरा, हिस्सा नंबर. कर्नाटकातल्या उताऱ्यावर, म्हणजे आरटीसीवर, सर्व्हे नंबरच्या जोडीने सर्नोक आणि हिस्सा असे भाग असतात, आणि उतारा असतो कन्नडमध्ये. अर्ज मराठीत उघडलेल्या माणसाच्या हातात मात्र कन्नड कागद आहे. म्हणून मराठी मजकुरातही तो शब्द कागदावर छापलाय तसा, कन्नड लिपीत, दाखवा. त्या शब्दाभोवती वेगळा स्पॅन घालून त्याची भाषा कन्नड असल्याचं लँग ऍट्रिब्यूटने सांगा. नाहीतर स्क्रीन रीडरचा मराठी आवाज तो एकतर गिळतो किंवा वेडावाकडा उच्चारतो. उताऱ्याच्या त्या भागाचं छोटं चित्र जोडलं तर उत्तमच, पण त्यावर कुणाचं खरं नाव वा सर्व्हे नंबर राहू देऊ नका.

आता मोजमाप:

- अक्षराचा आकार १६ पिक्सेल, किमान १४. देवनागरीत जोडाक्षरं या खाली चिकटलेली दिसतात.
- ओळीची उंची मराठीला अक्षराच्या १.६ पट, कन्नडला १.७ पट. कन्नडमधले ओत्ताक्षर (जोडाक्षरातली खाली लिहिली जाणारी अक्षरं) ओळीच्या बरंच खाली उतरतात, १.२ पट ठेवलं की ते पुढच्या ओळीच्या डोक्यावर बसतात.
- रुंदी: जास्तीत जास्त २० रेम (एक रेम म्हणजे पानाच्या मूळ अक्षराचा आकार, सहसा १६ पिक्सेल), आणि स्क्रीनची रुंदी वजा दीड रेम, यांतलं जे कमी ते. सीएसएसमधलं ‘सीएच’ एकक इथे टाळा. ते शून्य या आकड्याच्या रुंदीवर चालतं, देवनागरीच्या अक्षरांवर नाही.
- उंची ठरवून देऊ नका. फक्त कमाल मर्यादा द्या आणि आत स्क्रोल.
- लेटर-स्पेसिंग शून्य. इंग्रजी डिझाइनमधून ०.५ पिक्सेल जरी आलं तरी शिरोरेघ तुकड्यातुकड्यांत तुटते.

मजकूर छाटायचा असेल तर जावास्क्रिप्टने अक्षरं मोजून छाटू नका. ‘क्षि’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर, संगणकाला चार कोडपॉइंट, म्हणजे चार सुटे घटक. मधेच कापलं की टोकाला हलंत राहतो किंवा वेलांटी गायब होते. जावास्क्रिप्टमधला, पूर्ण अक्षरं ओळखणारा इंटल सेगमेंटर वापरा, किंवा सीएसएसच्या लाइन-क्लॅम्पवर सोपवा.

तपासा: दोन्ही भाषांतला सर्वांत लांब मजकूर घालून ३६० पिक्सेलवर पेटी किती उंच होते? २४० पिक्सेलच्या पुढे गेली तर मजकूर कापा, किंवा ती मदत वेगळ्या पानावर न्या.

## ४. बटण बांधा

पेटी ज्याला टेकून उघडते ते खरं बटण असू द्या, डिव्ह किंवा नुसतं चिन्ह नको. बटण म्हटलं की टॅबने फोकस, एंटर आणि स्पेस आपोआप येतात.

फॉर्मच्या आत असलेल्या बटणाचा प्रकार लिहिला नाही तर ब्राउझर त्याला ‘सबमिट’ मानतो. मदतीचं प्रश्नचिन्ह दाबलं आणि अर्धवट अर्ज पाठवला गेला, ही तक्रार इथून येते. टाइप ‘बटण’ (button) असं स्पष्ट लिहा.

डब्ल्यूसीएजी २.२ (वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून ठरवलेले निकष) नुसार दाबायची जागा किमान २४ गुणिले २४ पिक्सेल हवी. शेतात काम केलेल्या बोटांसाठी ४४ ठेवा. चिन्ह २४ पिक्सेलचंच राहू द्या आणि भोवती पॅडिंग वाढवा. बटणाला नाव द्या: ‘हिस्सा नंबरबद्दल मदत’. नुसतं ‘मदत’ लिहिलं तर स्क्रीन रीडरवर सात बटणं ओळीने ‘मदत, मदत, मदत’ अशी ऐकू येतात.

निष्क्रिय बटणावर कारण सांगणारी टूलटिप लावायची हौस बऱ्याच जणांना असते. डिसेबल्ड बटणाला कीबोर्डचा फोकस येत नाही, म्हणून ती कीबोर्डवाल्याला कधीच दिसत नाही. एरिया-डिसेबल्ड वापरा आणि दाबल्यावर काही होणार नाही एवढं कोडमध्ये पाहा. त्याहून चांगलं, कारण बटणाखाली लिहून टाका.

## ५. पेटी सगळ्यांच्या वर आणा

सर्वांत जास्त वेळ इथे वाया जातो, म्हणून कारण नीट समजून घ्या.

झेड-इंडेक्सचा आकडा पूर्ण पानावर चालत नाही, तो आपल्या स्टॅकिंग कॉन्टेक्स्टपुरता, म्हणजे एकत्र रचलेल्या थरांच्या गटापुरता चालतो. ट्रान्सफॉर्म, फिल्टर, १ पेक्षा कमी ओपॅसिटी, विल-चेंज, आयसोलेशन यांपैकी काहीही एखाद्या पूर्वजावर (पेटी ज्याच्या आत आहे त्या एलिमेंटवर) लागलं की नवा कॉन्टेक्स्ट तयार होतो. मग आतल्या पेटीला ९९९९ दिले तरी तो पूर्वज शेजाऱ्याच्या खाली असेल तर पेटीही खालीच राहते.

दुसरा सापळा कापण्याचा. ऊसबिलाच्या रुंद तक्त्याला आडवं सरकता यावं म्हणून ओव्हरफ्लो-एक्स ‘ऑटो’ दिलेलं असतं. अशा वेळी ओव्हरफ्लो-वाय ‘व्हिजिबल’ राहत नाही, तेही ‘ऑटो’ होतं. परिणामी तक्त्याच्या शेवटच्या ओळीतला मेनू खालून कापला जातो, किंवा तक्त्याच्या आतच उभी स्क्रोलपट्टी उगवते.

तिसरा: पोझिशन फिक्स्ड दिलं की सुटलो, असं वाटतं. पण पूर्वजावर ट्रान्सफॉर्म किंवा फिल्टर असेल तर फिक्स्डची मोजणी स्क्रीनपासून न होता त्या पूर्वजापासून होते. कार्ड हलकेच वर सरकण्याचं ऍनिमेशन लावलं आणि पेटी दोनशे पिक्सेल भलतीकडे गेली, याचं कारण हे.

तिन्हींवर उपाय एकच: ब्राउझरचा टॉप लेअर. त्यात गेलेली गोष्ट सगळ्या कॉन्टेक्स्टच्या वर असते आणि पूर्वजाच्या ओव्हरफ्लोने कापली जात नाही. तिथे जाण्याचे दोन रस्ते:

1. पॉपओव्हर ऍट्रिब्यूट. पेटीला पॉपओव्हर ‘ऑटो’ आणि आयडी द्या, बटणाला पॉपओव्हर-टार्गेटमध्ये तोच आयडी. क्रोम ११४, सफारी १७ आणि फायरफॉक्स १२५ पासून हे चालतं.
2. मोडलसाठी डायलॉग एलिमेंट, आणि तो शो-मोडल या मेथडनेच उघडा. नुसता ‘ओपन’ लिहिला किंवा ‘शो’ वापरलं तर तो टॉप लेअरमध्ये जात नाही, मागचं पानही बंद होत नाही.

> सावध: पॉपओव्हरला ब्राउझर स्वतःहून इनसेट शून्य आणि मार्जिन ऑटो देतो, म्हणून पेटी स्क्रीनच्या मधोमध उघडते. जागा देण्याआधी इनसेट ‘ऑटो’ आणि मार्जिन शून्य करा. हे विसरलं की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही पेटी चुकीच्या जागी दिसते.

जुन्या ब्राउझरला आधार द्यायचाच असेल तर पेटी बॉडीच्या शेवटी नेऊन ठेवण्याची जुनी पद्धत वापरा, पण मग फोकसचा क्रम हाताने सांभाळावा लागतो. साध्या मदतपेटीसाठी याहून स्वस्त पर्याय आहे: पॉपओव्हर नसेल तिथे मजकूर रकान्याखाली उघडाच ठेवायचा आणि प्रश्नचिन्ह लपवायचं. माहिती मिळते, काही मोडत नाही.

## ६. जागा ठरवा

गणित पाच पायऱ्यांचं आहे आणि पायऱ्यांचा क्रम बदलायचा नाही:

1. अंतर: बटण आणि पेटी यांत ८ पिक्सेल.
2. पलटी: खाली जागा पुरत नसेल आणि वर जास्त असेल तर पेटी वर.
3. सरकवणं: डावी-उजवी कड स्क्रीनच्या १२ पिक्सेल आत राहील इतकी पेटी बाजूला.
4. आकार: वर-खाली कुठेच पुरत नसेल तर कमाल उंची उरलेल्या जागेइतकी.
5. बाण: सगळं ठरल्यावर, सर्वांत शेवटी.

आकड्यांत पाहू. स्क्रीन ३६० रुंद. दिसणारं प्रश्नचिन्ह डावीकडून ३०० वर, रुंदी २४, म्हणजे मध्य ३१२. पेटी २८० रुंद. मध्य जुळवला तर पेटीची डावी कड १७२ आणि उजवी ४५२, म्हणजे ९२ पिक्सेल बाहेर. कडेला १२ राखायचे तर डावी कड जास्तीत जास्त ३६० − १२ − २८० = ६८. पेटी १०४ पिक्सेल डावीकडे सरकते. बाण मात्र बटणाकडेच रोखलेला हवा, म्हणून पेटीच्या डाव्या कडेपासून तो ३१२ − ६८ = २४४ वर. बाण आधी ५० टक्क्यांवर बसवला असता तर तो १४० वर राहिला असता आणि भलत्याच रकान्याकडे बोट दाखवत असता. अर्जात एकाखाली एक सात प्रश्नचिन्हं असताना हा घोटाळा छोटा नाही.

बाण पेटीच्या गोल कोपऱ्यातही घुसू देऊ नका. कोपरा ८ आणि बाण १२ रुंद असेल तर बाणाचा मध्य १४ ते २६६ यांच्या आतच ठेवा.

हे हाताने लिहू नका. फ्लोटिंग यूआय या लायब्ररीत ऑफसेट, फ्लिप, शिफ्ट, साइझ आणि ऍरो असे नेमके हेच भाग आहेत. ते याच क्रमाने द्या. नवा मार्ग सीएसएस अँकर पोझिशनिंगचा: बटणाला अँकर-नेम, पेटीला पोझिशन-अँकर आणि पोझिशन-एरिया, पलटीसाठी पोझिशन-ट्राय-फॉलबॅक्स. क्रोममध्ये हे १२५ पासून आहे, सफारीत २६ पासून. गिऱ्हाइकांच्या हातात जुने फोन असतील तर सपोर्ट्सच्या अटीत (ब्राउझरला जमत असेल तरच लागू होणाऱ्या सीएसएसमध्ये) गुंडाळून वापरा. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत पोझिशन-एरियाऐवजी ‘इनसेट-एरिया’ दिसेल. ते नाव क्रोम १२९ मध्ये बदललं, ते उतरवून घेऊ नका.

मोजणी कधी करायची? पेटी दिसायला लागल्यावर. लपलेल्या पेटीची रुंदी शून्य येते. आणि एकदाच करून भागत नाही. पान सरकलं, फोन आडवा केला, वेबफॉन्ट उशिरा उतरला, भाषा बदलली, प्रत्येक वेळी पुन्हा. फॉन्टचं विशेष लक्षात ठेवा: आधी फोनचा फॉन्ट, मग एक सेकंदाने नोटो सान्स देवनागरी आला की ओळी वेगळ्या तुटतात आणि पेटीची उंची बदलते. वर उघडलेली पेटी त्यामुळे बटणावर चढते. आकार बदलला की कळवणारा रिसाइझ ऑब्झर्व्हर पेटीवर लावा, पण पेटी उघडी असेपर्यंतच. मिटल्यावर काढून टाका. तीस ओळींच्या तक्त्यात तीस मेनू सतत स्क्रोल ऐकत बसले की स्वस्त फोन अडखळतो.

तपासा: बटण स्क्रीनच्या चारही कोपऱ्यांत आणून, दोन्ही भाषांत उघडा. एकूण आठ वेळा. प्रत्येक वेळी पूर्ण मजकूर दिसला पाहिजे आणि बाण बटणाकडे हवा.

## ७. उघडणं आणि मिटणं

पॉपओव्हर ‘ऑटो’ असेल तर बाहेर दाबणं, एस्केप, आणि दुसरी उघडली की पहिली मिटणं हे ब्राउझर सांभाळतो. त्यात ढवळाढवळ करू नका. नेहमी होणारी चूक: ऑटो पॉपओव्हर, आणि बटणाच्या क्लिकवर स्वतःचं ‘शो-पॉपओव्हर’. मग उघड्या पेटीचं बटण दाबलं की ब्राउझर पेटी मिटवतो आणि लगेच तुमचं कोड ती पुन्हा उघडतं. पेटी मिटतच नाही असं वाटतं. पॉपओव्हर-टार्गेट वापरलं की हा प्रश्न येत नाही.

टूलटिपसाठी डब्ल्यूसीएजीचा १.४.१३ हा निकष तीन गोष्टी मागतो: माउस न हलवता एस्केपने मिटली पाहिजे, माउस पेटीवर नेला तर ती टिकली पाहिजे, आणि आपोआप काही सेकंदांनी नाहीशी होता कामा नये. माउसने उघडायला ३०० ते ५०० मिलिसेकंद उशीर ठेवा, नाहीतर माउस नुसता फिरवला तरी स्क्रीनभर पेट्या चमकतात. मिटायला २०० मिलिसेकंद द्या, म्हणजे बटण आणि पेटी यांतली ८ पिक्सेलची फट ओलांडता येते. कीबोर्डच्या फोकसला उशीर नको. आणि हे सगळं ‘हॉवर’ आणि ‘फाइन पॉइंटर’ असलेल्या उपकरणांच्या मीडिया क्वेरीतच लिहा.

ऍनिमेशन १५० मिलिसेकंद, फक्त ओपॅसिटी. कमी हालचाल मागणाऱ्यांसाठी तेही बंद. यापेक्षा जास्त वेळ या भागावर घालवू नका.

## ८. फोकस कुठे जातो

- टूलटिप: फोकस बटणावरच राहतो. बटणाला एरिया-डिस्क्राइब्ड-बायने टूलटिपचा आयडी द्या.
- पॉपओव्हर: फोकस बटणावर राहिला तरी चालतो, पुढच्या टॅबने पेटीत जायला हवा. पॉपओव्हर-टार्गेट वापरलं तर हा क्रम, आणि उघडी-मिटलेली स्थिती कळवणं, ब्राउझर करतो. स्वतःचं कोड असेल तर एरिया-एक्स्पांडेड दर वेळी बदला.
- मेनू: उघडताच पहिल्या कृतीवर. मिटला की परत तीन ठिपक्यांवर.
- मोडल: आत. ‘अर्ज पुसा’ आणि ‘राहू द्या’ असे पर्याय असतील तर सुरुवातीचा फोकस ‘राहू द्या’ वर ठेवा, ऑटोफोकस लावून. चुकून एंटर दाबला तरी भरलेलं जात नाही.

मोडल मिटल्यावर ज्या बटणाने तो उघडला तेच पुसलं गेलं असेल, उदाहरणार्थ तक्त्यातली ओळच काढून टाकली, तर फोकस पानाच्या सुरुवातीला उडतो. पुढच्या ओळीवर किंवा तक्त्याच्या शीर्षकावर तो कोडने न्या. हे बहुतेक साइटवर राहून गेलेलं असतं.

## ९. फोनवरचे खास प्रश्न

रकान्यात टाइप करताना कीबोर्ड निम्मी स्क्रीन व्यापतो. स्क्रीनच्या तळाला चिकटवलेली पेटी त्यावेळी कीबोर्डखाली जाते, कारण क्रोम १०८ पासून अँड्रॉइडवरही, सफारीसारखंच, कीबोर्ड आल्यावर पानाची मांडणी आक्रसत नाही. उरलेली उंची व्हिज्युअल व्ह्यूपोर्टवरून, म्हणजे प्रत्यक्ष दिसणाऱ्या भागावरून मोजा. फक्त क्रोमपुरतं पाहायचं असेल तर व्ह्यूपोर्टच्या मेटा टॅगमध्ये ‘इंटरॅक्टिव्ह-विजेट’ला ‘रिसाइझेस-कंटेंट’ द्या.

आयफोनवर इनपुटमधलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर फोकस येताच सफारी पान मोठं करतो आणि शेजारी उघडलेली पेटी बाहेर ढकलली जाते. इनपुट १६ ठेवा. वापरणाऱ्याचं झूम बंद करून हा प्रश्न ‘सोडवू’ नका. कमी दिसणाऱ्याचा तोच आधार असतो.

मोडल उघडा असताना मागचं पान सरकू नये म्हणून बॉडीला ओव्हरफ्लो हिडन देतात. संगणकावर स्क्रोलपट्टी गायब होऊन पान बाजूला उडी मारतं. स्क्रोलबार-गटर ‘स्टेबल’ दिलं की थांबतं. पेटीच्या आतल्या स्क्रोलला ओव्हरस्क्रोल-बिहेव्हिअर ‘कंटेन’ द्या.

पेटीतला मजकूर उघडताना सर्व्हरवरून मागवू नका. पानाबरोबरच एचटीएमएलमध्ये येऊ द्या. काही शे अक्षरांचा भार नगण्य असतो. खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीकडे नेटवर्क मधेच जातं, आणि गोल फिरणारं चिन्ह दाखवणारी मदतपेटी मदत नसल्यासारखीच.

## १०. सुपूर्द करण्याआधीची तपासणी

ही याच क्रमाने करा. पहिल्या दोनांत नापास झालं तर पुढचं तपासण्यात वेळ घालवू नका.

1. माउस बाजूला ठेवा. टॅब, एंटर, एस्केप एवढ्यांवर पूर्ण अर्ज भरा. फोकसची कड प्रत्येक वेळी दिसते का, आणि उघडी पेटी फोकस असलेल्या रकान्याला पूर्ण झाकत नाही ना?
2. खऱ्या फोनवर, कीबोर्ड उघडा ठेवून, शेवटच्या रकान्याची पेटी उघडा.
3. १२८० रुंद खिडकीत झूम ४०० टक्के. ही ३२० पिक्सेलची स्क्रीन झाली. आडवं सरकवावं लागता कामा नये.
4. पेटी उघडी ठेवून भाषा मराठीवरून कन्नडवर न्या. जागा पुन्हा मोजली गेली का?
5. टॉकबॅक लावून डोळे मिटा. बटणाचं नाव, उघडलं-मिटलं ही स्थिती आणि मजकूर, या तिन्ही गोष्टी ऐकू आल्या पाहिजेत. फोनवर मराठी आणि कन्नड आवाज आधी उतरवून घ्या.
6. रंग: मजकूर आणि पार्श्वभूमी ४.५ ला १, पेटी उघडणारं चिन्ह ३ ला १. मग फोन उन्हात नेऊन पाहा. पेटीची कड नुसत्या सावलीवर सोडली असेल तर उन्हात ती दिसत नाही. १ पिक्सेलची ठळक रेघ द्या.
7. फोन आडवा करा. उंची ३६० पिक्सेल उरते, त्यातून ब्राउझरची पट्टी वजा. कमाल उंचीची मर्यादा विसरली असेल तर ती इथे सापडते: पेटीतलं ‘मिटवा’ बटण स्क्रीनखाली जातं आणि तिथवर सरकताही येत नाही.